लिनक्स संगणकासाठीं व्हीपीएनची निवड

टपालांत टाकलेलें कार्ड वाटेंत कोणीही वाचूं शकतो. बंद पाकिटांतील मजकूर वाचतां येत नाहीं, परंतु त्यावरील पत्ता मात्र तें हाताळणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. इंटरनेटवरील व्यवहाराची स्थिति आज बहुतांशीं या दुसऱ्या प्रकारची आहे. बँकेचें किंवा वर्तमानपत्राचें संकेतस्थळ उघडलें असतां मजकूर गुप्त लिपींत बंद होऊन जातो. तथापि कोणत्या घरांतून, कोणाकडे आणि केव्हां पाकीट गेलें, हें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला कळूं शकतें. उपाहारगृहांतील वाय-फाय चालविणाऱ्यालाही तें कळूं शकतें.

व्हीपीएन ही सोय या पत्त्यांवर पडदा टाकण्यासाठीं आहे. तींत प्रत्येक पाकीट एका कुलूपबंद थैलींत घातलें जातें आणि थैलीवर एकच पत्ता असतो, तो व्हीपीएन कंपनीचा. तेथें थैली उघडते व आंतील पाकीट कंपनीच्या पत्त्यावरून पुढें रवाना होतें. वाटेंतील टपालवाल्याला आतां कांहीं दिसत नाहीं, हें खरें. पण पूर्वी त्याला जें दिसत होतें, तें सर्व आतां थैली उघडणाऱ्याला दिसतें. विश्वास ठेवण्याची गरज नाहींशी होत नाहीं. केवळ विश्वास ठेवण्याचें ठिकाण बदलतें. म्हणून व्हीपीएनची निवड ही मूलतः थैली उघडणाऱ्याची निवड होय.

या निवडींत लिनक्स वापरणाऱ्याला एक मोठी अनुकूलता आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनीं रचलेली वायरगार्ड ही पद्धति मार्च २०२० मध्यें, ५.६ या आवृत्तीपासून, लिनक्सच्या गाभ्यांतच समाविष्ट झाली. तिचा मूळ कार्यक्रम सुमारें ४,००० ओळींचा, म्हणजे जाणकाराला समग्र वाचून तपासतां येईल एवढा आटोपशीर आहे. थैली व कुलूप अशा रीतीनें घरचेंच झालें. कंपनीकडून मांडणीची एक लहानशी फाइल मिळाली कीं काम भागतें. जी कंपनी अशी फाइल देत नाहीं आणि आपलाच बंदिस्त कार्यक्रम बसविण्याचा आग्रह धरते, तिला यादींत खालचें स्थान द्यावें. कंपनीचाच कार्यक्रम घ्यावयाचा असल्यास त्याची मूळ लिपि सर्वांना खुली आहे कीं नाहीं, हें पाहावें. मुलवाड व प्रोटॉन या कंपन्यांनीं ती खुली केलेली आहे.

यापुढचा प्रश्न नोंदींचा. आपण कसलीही नोंद ठेवीत नाहीं, असें जवळजवळ प्रत्येक कंपनी सांगते. परंतु त्याची परीक्षा प्रसंगींच होते. १८ एप्रिल २०२३ रोजीं स्वीडनचे पोलीस झडतीचा हुकूम घेऊन मुलवाडच्या गोटेनबर्ग येथील कचेरींत गेले. मागितलेली माहिती मुळांत सांठविलीच जात नाहीं, असें कंपनीनें दाखवून दिल्यावर ते रिकाम्या हातीं परतले. ही कंपनी खातें उघडतांना नांव किंवा ईमेल विचारीत नाहीं. फक्त एक क्रमांक देते. जें जवळ नाहीं, तें कोणाच्याही हवालीं करतां येत नाहीं.

भारतांतील घराला येथील नियमही ध्यानांत घ्यावे लागतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशांत व्हीपीएन पुरविणाऱ्यांनीं ग्राहकाचें नांव, पत्ता, संपर्क क्रमांक व त्याला दिलेले आयपी पत्ते निदान ५ वर्षें जतन करावे, असें सांगितलें. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन यांनीं आपले सर्व्हर भारतांतून काढून घेतले. म्हणून यादींत ‘भारत’ अशी पाटी असलेला सर्व्हर प्रत्यक्षांत परदेशीं असूं शकतो, आणि अंतर वाढलें कीं गति मंदावते.

फुकट सेवेविषयीं विशेष सावध असावें. फेसबुकनें २०१३ सालीं ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचें फोनवरील फुकट व्हीपीएन माहितीचें रक्षण करणारें म्हणून पुढें केलें जात होतें. प्रत्यक्षांत लोक कोणतीं ॲप किती वेळ वापरतात, ही माहिती मालकाच्या व्यापारी उपयोगासाठीं गोळा होत होती. ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयानें २०२३ सालीं याबद्दल दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. अर्थात् प्रत्येक फुकट सेवा अशीच असते असें नाहीं. प्रोटॉनचा मर्यादित फुकट वर्ग पैसे देणाऱ्या ग्राहकांच्या बळावर चालतो. खर्च कोण सोसतो, याचें सरळ उत्तर मिळालें पाहिजे, एवढेंच.

कंपनी ठरल्यावरही दोन-तीन वर्षांची वर्गणी एकदम भरूं नये. एका महिन्याची भरून घरींच परीक्षा घ्यावी. जोडणी झाल्यावर जुन्या आणि नव्या, म्हणजे आयपीव्ही४ व आयपीव्ही६, या दोन्ही प्रकारचे पत्ते तपासावे. एक थैलींतून आणि दुसरा उघड्या वाटेनें जात असेल, तर सारा खटाटोप व्यर्थ. संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा अंकी पत्ता शोधणारी डीएनएस सेवाही थैलींतूनच गेली पाहिजे. जोडणी मध्येंच तुटल्यास सर्व दळणवळण थांबतें कीं गुपचूप उघड्या वाटेला लागतें, हें वाय-फाय बंद-चालू करून आणि संगणक झोपवून पुन्हां जागा करून पाहावें. मांडणीच्या फाइलींत खासगी किल्ली असते. ती मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला वाचतां येणार नाहीं, अशी व्यवस्था ठेवावी.

एवढें करूनही व्हीपीएनची मर्यादा विसरतां कामा नये. जेथें ग्राहक स्वतःच्या नांवानें प्रवेश करतो, तें दुकान त्याला ओळखणारच. फसव्या पत्रांतील दुव्यावर बोट ठेवलें, तर थैली त्याला वांचवूं शकत नाहीं. घरच्या विश्वासू जोडणीवर पुष्कळांना व्हीपीएनची गरजही नसते. प्रवासांतील परक्या वाय-फायवर, किंवा आपल्या वाचनाची नोंद इंटरनेट कंपनीपाशीं राहूं नये असें ज्यांना वाटतें, त्यांना तें उपयोगी आहे. ही गरज आधीं निश्चित केली, म्हणजे जाहिरातींतील सर्व्हरांच्या मोठ्या संख्येपेक्षां थैली कोण उघडतो, याकडेच लक्ष जाईल.