जुझेप्पे दी वित्तोरियो : शेतमजूर ते कामगारनेता

इटलीतल्या डाव्यांचा विषय निघाला की आपल्याकडे विचारवंत ग्राम्शींच्या तुरुंगातल्या वह्यांवर चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या जुझेप्पे दी वित्तोरियो यांची शाळा कोवळ्या वयातच सुटली होती.

दक्षिणेतल्या पुलिया प्रांतात, चेरिन्योला गावी, १८९२ साली त्यांचा जन्म झाला. वडील शेतमजूर. ते गेले आणि पोराला शेतावर जावं लागलं. मोठ्या जमीनदारांचा हा मुलूख. पहाटे मजूर चौकात उभे राहायचे, मुकादम हवी तेवढी माणसं निवडायचा, बाकीचे उपाशी परतायचे. १९०४ साली याच गावात संपकऱ्यांवर गोळीबार झाला. तो या मुलाने अकरा-बारा वर्षांचा असताना पाहिला. पुढे वाचताना अडलेले शब्द वहीत टिपत टिपत ते आपली भाषा शिकले. कामगार चळवळीत उतरलेले दी वित्तोरियो १९२१ साली संसदेवर निवडून आले, तेव्हा तुरुंगात होते.

फॅसिस्टांनी त्यांच्या गैरहजेरीत बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. मग फ्रान्समधला विजनवास, स्पेनचं यादवी युद्ध, पॅरिसमध्ये जर्मनांकडून अटक आणि व्हेन्तोतेने बेटावरची स्थानबद्धता. १९४४च्या जूनमध्ये कम्युनिस्ट, समाजवादी आणि कॅथलिक यांनी मिळून एकच कामगार महासंघ उभारला. त्याच्या उभारणीत दी वित्तोरियो अग्रभागी होते. १९४८ साली ही एकी फुटली, पण एकीचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

मला त्यांची थोरवी सर्वांत जास्त जाणवते ती १९४९च्या ‘श्रम योजने’त. लाखो लोक बेकार होते. महासंघाने सरकारपुढे नुसती मागण्यांची यादी टाकली नाही. वीज राष्ट्रीय करा, पडीक जमीन लागवडीखाली आणा, गरिबांसाठी घरं बांधा, असा कार्यक्रमच मांडला, आणि त्यासाठी कामगारही झीज सोसतील असं सांगितलं. सरकारने ती योजना स्वीकारली नाही. मात्र त्या काळात अनेक गावांतले बेकार फावडी घेऊन बाहेर पडले आणि कुणी न बोलावता रस्ते, कालवे दुरुस्त करू लागले. याला ते ‘उलटा संप’ म्हणत. काम बंद पाडून नव्हे, काम करून हक्क सांगायचा! आणि या कामासाठी पोलीस त्यांना पकडून नेत.

१९५६च्या ऑक्टोबरात हंगेरीत उठाव मोडायला रशियन रणगाडे शिरले. दी वित्तोरियो यांच्या कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र उठाव करणाऱ्यांना प्रतिक्रांतिवादी ठरवत होतं. २७ ऑक्टोबरला महासंघाच्या पत्रकाने मात्र त्या लष्करी हस्तक्षेपाचा निषेध केला. त्यावर दी वित्तोरियो ठाम होते. पक्षाचे सर्वेसर्वा तोल्यात्ती संतापले, दडपण आलं, आणि दी वित्तोरियो यांना पाऊल मागे घ्यावं लागलं. माझ्या मते ती माघार चुकीची होती. पण रस्त्यावर मारले जाणारे कामगारच आहेत, हे त्या नेतृत्वात त्यांना आधी दिसलं, हेही तितकंच खरं.

वर्षभरानंतर, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी, लेक्को इथे कामगारांच्या सभेनंतर त्यांचं निधन झालं. कारखान्याच्या फाटकाच्या आतही राज्यघटना लागू असली पाहिजे, म्हणून कामगार-हक्कांची सनद हवी, ही मागणी त्यांनी १९५२ सालीच केली होती. हंगेरीविषयीचं ते पत्रक लिहिणारे समाजवादी सहकारी जाकोमो ब्रोदोलिनी पुढे श्रममंत्री झाले आणि त्यांनी या सनदेचं काम हाती घेतलं. १९६९ साली तेही वारले. कायदा मंजूर झाला तो १९७०च्या मे महिन्यात.