पुराव्याचा भार



पदवीदानाच्या प्रसंगी वक्त्याने विद्येचे माहात्म्य वर्णावे असा शिरस्ता आहे. परंतु आपल्या अनुज्ञेने तो बाजूला ठेवून मी आज आपल्यापुढे एक असा प्रश्न मांडू इच्छितो की, जो प्रथमदर्शनी दूरदेशीचा वाटला तरी ज्याची मुळे धाराशिव जिल्ह्यातील या ढोकीच्या परिसरात खोलवर गेलेली आहेत. राज्यसंस्थेने नागरिकाला 'तू कोण ते सिद्ध कर' असे केव्हा म्हणावे, आणि केव्हा त्याच्याविषयी शंका घेणारालाच 'तुझी शंका सिद्ध कर' असे बजावावे?

अमेरिकेत दोन पक्ष कित्येक वर्षे हाच प्रश्न एकमेकांना उलटसुलट विचारीत आहेत. बंदूक खरेदी करताना ओळख दाखवावी लागते, मग मत देताना ती दाखवण्यास हरकत कसली, असे एक पक्ष म्हणतो. मतदाराच्या कागदपत्रांविषयी इतके दक्ष असणारे तुम्ही बंदूक घेणाऱ्याच्या चौकशीस का विरोध करता, असे दुसरा विचारतो. टेक्सास राज्याने 2011 साली जो कायदा केला, त्यात मतदानासाठी ग्राह्य धरावयाच्या ओळखपत्रांमध्ये पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याला स्थान मिळाले, आणि विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याला दिलेल्या ओळखपत्राला मिळाले नाही. आज हाती पदवी घेणाऱ्या तुम्हांला या निवडीचा अर्थ मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पण त्या वादातील दोन्ही पक्षांची एक गोष्ट मला पटत नाही: मत आणि बंदूक या दोहोंना एकच माप लावले म्हणजे न्याय झाला, असे ते गृहीत धरतात.

आपल्या कायद्याने हे गृहीत धरलेले नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वये ज्याला बंदूक हवी असेल, त्याने जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, प्रयोजन सांगावे, पोलीस ठाण्याच्या अहवालाची वाट पाहावी, प्रकृतीचा दाखला जोडावा, आणि एवढे करून परवाना मिळाला तरी तो मुदतीचाच असतो व कारण पडल्यास रद्दही होतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर सामान्यतः एका व्यक्तीला दोनांहून अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करू पाहणाऱ्या शेतकऱ्याची गरज हा कायदा ओळखतो, त्याच्या ठासणीच्या बंदुकीचा विचार तो उदारपणे करतो, पण अर्ज त्यालाही चुकत नाही. पात्रता शाबीत करण्याचा भार येथे अर्जदाराच्या माथी आहे.

आता मतदान केंद्रात या. एखाद्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने समोरच्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतला, तर 1961 च्या निवडणूक नियमांप्रमाणे प्रथम त्या आक्षेप घेणारानेच दोन रुपये रोख अनामत ठेवावयाचे असतात. केंद्राध्यक्ष म्हणून मी काम पाहत असताना असा प्रसंग माझ्यासमोर घडला आहे. यादीत नवऱ्याचे नाव चुकीचे छापले गेलेली एक वृद्धा पुढे उभी होती, प्रतिनिधीने टेबलावर दोन रुपयांचे नाणे ठेवले, मी नियमाप्रमाणे तोतयेगिरीच्या शिक्षेची तिला समज दिली, यादीतील नोंद मोठ्याने वाचली आणि ती व्यक्ती तुम्हीच काय, असे विचारले. "व्हय, मीच की," असे ती म्हणाली आणि नोंदवहीवर अंगठा उठवून उभी राहिली. प्रतिनिधीकडे मी पुरावा मागितला, त्याच्याजवळ नव्हता. तिच्या बोटाला शाई लागली, आणि तिने मत दिले. सबंध भारतीय गणराज्य त्या क्षणी पुरावा मागत होते ते त्या म्हातारीकडे नव्हे, तिच्यावर संशय घेणाऱ्या माणसाकडे, आणि ही व्यवस्था मला आपल्या कायद्यातील सर्वांत उदात्त व्यवस्थांपैकी एक वाटते.

असा भेद का असावा? कारण दोन्ही ठिकाणी होणाऱ्या चुकांची जात निराळी आहे. अपात्राच्या हाती बंदूक गेली तर एकट्याच्या बोटाने एक जीव जातो आणि तो कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने परत येत नाही. उलट मत एकट्याचे असून एकट्याने काहीच करू शकत नाही, ते लाखोंच्या मतांत मिसळल्यावरच त्याला बळ येते, आणि खरा मतदार परत पाठविला गेला तर मात्र राज्यकारभारातील त्याचा एकमेव वाटा हिरावला जातो. बोगस मतदानाची तक्रार कल्पित आहे असे मी म्हणत नाही. 1962 पासून बोटाला लावली जाणारी न पुसणारी शाई त्याच तक्रारीतून आली. दुसऱ्याने आपल्या नावावर आधीच मत दिल्याचे आढळलेल्या खऱ्या मतदारासाठी प्रदत्त मतपत्रिकेची तरतूदही त्यातूनच आली. ओळखपत्राला माझा विरोध नाही. ओळखपत्र नाही म्हणून माणूसच नाही, या निष्कर्षाला आहे.

या जिल्ह्याने त्या निष्कर्षाची कसोटी एकदा पाहिली आहे. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ऑगस्ट 1993 मध्ये मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्रे देण्याचा आदेश काढला, आणि ती दिली गेली नाहीत तर 1 जानेवारी 1995 नंतर निवडणुकाच होऊ देणार नाही असा आग्रह धरला. त्या आदेशानंतर जेमतेम महिन्याने, 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि उमरगा तालुक्यातील कितीतरी गावांची दगडमातीची घरे कोसळली, आणि ज्या भिंतींखाली माणसे गेली त्यांच्याखालीच सातबारा, शिधापत्रिका आणि शाळेचे दाखलेही गेले. सुदैवाने ओळखपत्राअभावी निवडणूक रोखण्याचा आग्रह टिकला नाही, आणि 1995 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक पार पडली. शेषन यांच्याविषयी मला नितांत आदर आहे, निवडणुकीतील दंडेली त्यांनी मोडून काढली. पण त्या एका आग्रहापुरते मी भूकंपग्रस्तांच्या बाजूने उभा आहे.

पुढे निवडणूक आयोगानेच पर्यायी कागदपत्रांची यादी उदार केली. 2009 च्या लोकसभा निवडणुकीत त्या यादीत छायाचित्र असलेला शस्त्रपरवानाही होता. म्हणजे आचारसंहितेमुळे ज्याची बंदूक ठाण्यात जमा झालेली असेल, तो तिच्या परवान्यावर मत देऊ शकत होता. आज त्या यादीत शस्त्रपरवाना नाही, मात्र रोजगार हमीचे जॉबकार्ड आहे, आणि हा बदल मला मनापासून योग्य वाटतो.

मतापूर्वी बंदूक पाहिलेला हा मुलूख आहे, हेही तुम्ही विसरू नये. निजामी अमलात येथील रयतेला जबाबदार राज्यपद्धती कधी लाभली नाही, आणि अखेरच्या काळात शस्त्रे रझाकारांच्या हाती होती. पलीकडे बार्शीला इंग्रजी अंमल होता, पण तेथेही 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याची सक्ती केली होती ती हिंदी माणसावर, युरोपियनावर नव्हे. आणि मताचा अधिकार मुख्यतः सारा व कर भरणारांपुरताच होता. ज्यांनी 1919 सालीच साउथबरो समितीपुढे बहिष्कृतांच्या मताधिकाराची बाजू मांडली होती, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर फेब्रुवारी 1941 मध्ये येथून जवळच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाचे संस्थान मुक्त झाले, आणि चार वर्षे पुरी होण्याच्या आत, 1952 च्या निवडणुकीत, ज्याच्या नावावर वावभर जमीन नाही असा मनुष्यही येथे मतदानाच्या रांगेत उभा राहिला.

ही मताची बाजू झाली; बंदुकीच्या बाजूचे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यात अलीकडेच दिसले. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेंहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाने त्यांपैकी अनेक रद्द केले. ती हत्या बंदुकीने झालेली नव्हती, हे खरे. पण इतक्या जणांनी आपली गरज कशी शाबीत केली असेल, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. जेथे कसून विचारावयाचे तेथे दफ्तर मऊ झाले होते.

तुमच्यापैकी कित्येक जण स्पर्धापरीक्षा देऊन, नाहीतर शिक्षक होऊन, लवकरच टेबलाच्या पलीकडे बसाल. कोणी फौजदार होऊन शस्त्राच्या अर्जावर अहवाल लिहील. त्याने तो अर्जदाराच्या मोटारीकडे पाहून लिहू नये. आणि अनेकांच्या हाती बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदार यादी येईल. त्यांना मी एकच गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. यादीचे पुनरीक्षण बहुधा हिवाळ्याच्या सुमारास चालते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कळंब, वाशी, भूम, परंडा येथील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. तुम्ही वस्तीवर जाल तेव्हा घराला कुलूप असेल, आणि गावातला कोणीतरी नमुना 7 पुढे करून, "हे इथं राहत नाहीत, नाव काढा," असे म्हणेल. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या 20 व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचे सामान्य वास्तव्य संपत नाही. तेव्हा त्या गृहस्थाकडे पुरावा मागा, शेजारच्या घरी चौकशी करा, मुकादमाचा फोन नंबर घ्या, आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर ती माणसे परत आली की पुन्हा एकदा त्या वस्तीवर जा.