मागे राहिलेल्या लेकरांचे काय?

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



कापसाच्या भावाबद्दल ऐकायला तुम्ही आलात. भावावर बोलणारे आज चौघे जण आहेत, ते बोलतील. आमच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या तासात आम्ही वेगळे काही मांडणार आहोत. उत्पादन खर्च काढताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, बैलजोडी धरतो, घरच्या माणसांची मजुरीही धरतो. एक खर्च मात्र कोणत्याही तक्त्यात येत नाही. कर्ता माणूस जीव देऊन जातो, त्यानंतर घरातल्या लेकराच्या मनाचे काय होते, तो हा खर्च. तो आपण कधी मांडला नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात महाराष्ट्रात 4,248 शेतकरी आणि शेतमजुरांनी आत्महत्या केल्या. हा आकडा आपण मोर्चात ओरडून सांगतो. पण हा मेलेल्यांचा आकडा आहे. त्यांच्या मागे राहिलेल्या लेकरांची मोजदाद कोणी केली? सरकारने केली नाही म्हणून आपण बोंब मारू, पण आपण तरी कुठे केली?

आधी आमची चूक

दुसऱ्याच्या चुका सांगण्याआधी आमची सांगतो.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यात असाच मेळावा होता. महिन्याभरापूर्वी बाप गेलेला अकरा वर्षांचा एक मुलगा आम्ही व्यासपीठावर आणला. माईकवरून त्याच्या बापाचे कर्ज किती, नापिकी किती, तो कसा गेला, सगळे सांगितले. मंडप रडला. पाकीट भरले. ते पाकीट आम्ही त्या मुलाच्या हातात दिले, फोटो काढला आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले. मुलगा सारा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होता. आम्हाला वाटले, मोठे काम झाले.

चार महिन्यांनी त्या गावाला गेलो. आई वेचणीला गेली होती. जीप दिसताच मुलगा कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसला. म्हातारी आजी म्हणाली, "तुमची गाडी दिसली का लपते तो. शाळेतले पोट्टे त्याले लाखवाला म्हणतात." सरकारी मदत एक लाखाची, म्हणून लाखवाला. थोडे थांबून म्हातारी पुढे बोलली. "रातच्याले उठून बसते. मले म्हणते, आजी, म्या त्या दिवशी बूट मांगले होते. मांगले नसते त बाबा रायले असते."

भावांनो, चार महिने हे लेकरू आपणच बापाला मारले असे समजून जगत होते. आम्ही त्याच्या बापाचे कर्ज साऱ्या तालुक्याला सांगितले. बूट मागितल्याने कोणाचा बाप जात नाही, एवढे एक वाक्य त्याला सांगायला मात्र आमच्यातले कोणी गेले नाही.

लेकराच्या मनात काय होते

आम्ही शेतकी शिकलेली माणसे, मनाचे डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर आम्ही जाणकारांकडे गेलो, विचारले, वाचले. जे कळले ते तुमच्या-आमच्या भाषेत सांगतो.

पऱ्हाटीला पाण्याचा ताण पडला की ती पात्या आणि फुले गाळते. झाड मेलेले नसते. जेवढे निभेल तेवढे धरून बाकीचे सोडून देते. वेळेवर पाणी मिळाले तर पुन्हा पात्या धरते. ताण लांबला तर मात्र पुढे कितीही पाणी द्या, ती उभारी येत नाही. लेकराचेही बरेचसे असेच आहे. मोठा धक्का बसला की अंथरुणात लघवी करणे सोडलेले मूल पुन्हा करू लागते. आईचा पदर सोडत नाही. पोट दुखते म्हणते आणि डॉक्टरला काही सापडत नाही. कोणी दार आपटले की दचकते. अभ्यासात मागे पडते. लहान मुले मेल्याचा, तिरडीचा खेळ खेळतात. आपण धपाटा घालतो, पण ती खेळूनच दुःख समजून घेत असतात. मोठा मुलगा उगाच भांडतो, नाहीतर अगदी गप्प, शहाण्यासारखा वागू लागतो. गाव म्हणते, "पोरगा किती समजदार झाला!" त्या समजदार पोराकडे जास्त लक्ष द्या. रडायची जागा न मिळालेले ते पोर असते.

हे वेडाचे लक्षण नाही, देवीचा कोप नाही, बाहेरची बाधा नाही. अघटित घडल्यावर मनाने दिलेला तो साधा जबाब आहे. घर सावरले, शाळा सुरू राहिली, एक माणूस भरवशाचा मिळाला, तर बहुतेक मुले काही महिन्यांत सावरतात. जी सावरत नाहीत त्यांना डॉक्टरकडे न्यायचे. त्यात लाज कसली? बैलाला आपण नेतोच ना?

किल्लारीची आठवण

इथे बसलेल्या वयस्कर मंडळींना 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवत असेल. गणपती विसर्जनाची रात्र. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर बसली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. सारा महाराष्ट्र धावला. कपडे, धान्य, पत्रे, भांडी यांचे ढीग लागले. पक्की घरेही उभी राहिली. पण ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्याखालून काढली, त्यांना छताखाली झोप लागेना. माणसे कित्येक दिवस उघड्यावर निजली. घर बांधून देता येते, पण त्या घरात झोप लागावी यासाठी कोणी करायचे काय, याची तयारी आपल्याकडे नव्हती.

त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुले पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्याची आणि शिक्षणाची सोय केली. यातून दोन गोष्टी आम्ही शिकलो. एक, लेकराला मदत म्हणजे एक दिवसाचे पाकीट नव्हे, ती वर्षानुवर्षांची जबाबदारी आहे. दुसरी, शाळा हे औषध आहे. रोज त्याच वेळेला उठणे, तीच घंटा, तेच सोबती, यातून लेकराला कळते की जग सगळेच कोसळलेले नाही.

भूकंपात आणि आपल्या दुःखात मोठा फरक आहे. भूकंपात सारे गाव एकत्र रडले. आत्महत्येच्या घरी गाव कुजबुजते. दारू पीत होता का, बायकोशी पटत नव्हते का, असे प्रश्न निघतात. मग पंचनामा, तलाठी, पोलीस पाटील, वर्तमानपत्रवाले. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, ही सारी चौकशी लेकरांसमोर होते. शेवटी कागद येतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. बाप अपात्र ठरला हे वाचणाऱ्या सातवीतल्या मुलीला त्या शब्दाचा काय अर्थ लागत असेल?

"भाव द्या, बाकी सारे ठीक होईल"

आमचे काही सहकारी म्हणतात, हे समुपदेशन वगैरे सरकारचे सोंग आहे. शेतकऱ्याचे डोके बिघडले म्हणून तो मरतो, असे दाखवायचे आणि भावाचा प्रश्न गुंडाळायचा. ही शंका खोटी नाही. कोणी असे म्हणत असेल तर आम्हीच पहिले विरोधाला उभे राहू. फास कर्जाचा आहे, हे आमचे म्हणणे कायम आहे.

पण विचार करा. 2008 साली केंद्राची कर्जमाफी झाली. 2017 साली राज्याची झाली, 2019 साली पुन्हा झाली. त्यातून काही घरांचा बोजा उतरला. बूट मागितल्याचा बोजा त्या मुलाच्या छातीवरून उतरला का? तो कोणत्या याद्यांत बसतो? भावाची लढाई आणखी दहा वर्षे चालेल. अकरा वर्षांचा मुलगा तोवर एकवीसचा होईल. तो थांबू शकत नाही. तेव्हा दोन्ही कामे एका वेळी करायची.

आणि हे काम होते, याचा पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत काही वर्षांपूर्वी 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले. ते बसले, ऐकले, गरज होती त्यांना डॉक्टरपर्यंत नेले. दीड वर्षाच्या कामानंतर, आदल्या वर्षभरात मरणाचे विचार मनात आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलेले दिसले. घराघरांत बसणारी ही माणसे तुमच्या-आमच्यासारखीच होती.

घरच्यांनी काय करावे

लेकराला खरे सांगा. "बाबा पुण्याला कामाला गेले" असे सांगू नका. ते उद्या दुसऱ्याच्या तोंडून कळेल आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल. सोप्या शब्दांत सांगा: बाबा वारले, ते परत येणार नाहीत, त्यांच्या मनाचे दुखणे फार वाढले होते, आणि यात तुझी काही चूक नाही. हे शेवटचे वाक्य एकदा नव्हे, दहादा सांगा.

तेरा वर्षांच्या पोराला "आता तूच घराचा कर्ता" म्हणू नका. त्याच्या खांद्यावर जू ठेवायची घाई करू नका. मुलीची शाळा तोडून लग्न उरकायच्या मागे लागू नका. एक तोंड कमी होईल म्हणता, पण बाप गेलेल्या पोरीचे घरही जाते. भावंडांची ताटातूट करू नका.

बोलायची बळजबरी नको. बोलेल तेव्हा हातातले काम ठेवून ऐका. रडले तर रडू द्या. आईही समोर रडली तर बिघडत नाही. पण आईला दोन घास आणि चार तास झोप मिळेल हे शेजारणींनी बघावे. तिला उभारी आली तरच लेकरू उभे राहील. तिला पांढरपायी म्हणणारी जीभ गावाने आवरावी.

आणि फवारणीचे औषध घरात, आढ्याला किंवा खाटेखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ही कृषी शिफारस समजा.

गावाने आणि संघटनेने काय करावे

प्रत्येक शाखेने अशा घरासाठी दोन माणसे नेमावीत, त्यांतली एक बाई असावी. पहिल्या दिवसाची गर्दी नको, वर्षभराची ये-जा हवी. सण, पेरणी, शाळेचा पहिला दिवस आणि वर्षश्राद्ध या दिवसांना जखम पुन्हा उघडते. त्या दिवशी जाऊन बसा.

कागदांचे काम आपण उचला. वारसाची नोंद, रेशनकार्ड, बँक. एक पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिची रक्कम मुलामागे महिना 2,250 रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. तो आईच्या वतीने आपण भरून द्या.

महिना उलटूनही मूल झोपत नसेल, खात नसेल, शाळेला जात नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात न्या. मूल असो की मोठे, "मलाही जायचे" असे कोणी म्हणाले तर महिना पाहू नका, त्याच दिवशी न्या आणि तोवर त्याला एकटे सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा नंबर 2022 पासून सुरू आहे. फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलता येते. मुलांसाठी 1098. शंका असली तर सरळ विचारा, "जीव द्यायचे मनात येते का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोंडलेले बाहेर येते. आणि ठाण्याची भीती घालू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार नव्हे, ताणाखालचा माणूस धरले आहे.

आणखी एक, आम्हा वक्त्यांसाठी. यापुढे गेलेल्याला 'हुतात्मा' म्हणायचे नाही. समोर बसलेले पोर ऐकते की मेल्यावर बाप मोठा झाला, जिवंत होता तेव्हा कोणी विचारले नाही. त्याने यातून काय शिकायचे?

मदत करणाऱ्यांची मने

शेवटी कार्यकर्त्यांबद्दल. आमच्यातले काही जण वर्षानुवर्षे अशा घरांत जातात. त्यांना रात्री झोप नाही, घरी चिडतात, जेवताना ते अंगण डोळ्यांपुढे येते. सांगत नाहीत, कारण कार्यकर्त्याने रडायचे नसते असा आपला समज. आम्हीही दोन वर्षे हे लपवले. म्हणून नियम करा: एकट्याने जायचे नाही, जोडीने जायचे. परतताना झाडाखाली अर्धा तास बसायचे, मनातले बोलून मोकळे व्हायचे, मगच घरी. लागोपाठ घरे एकाच माणसाच्या अंगावर टाकायची नाहीत. कोणी म्हणाला, मला दोन महिने हे काम नको, तर त्याला भित्रा म्हणायचे नाही. बैल दमला की आपण जू उतरवतो.

तर आज भावाच्या ठरावाबरोबर आणखी एक ठराव हात वर करून मंजूर करा, अशी आमची मागणी आहे: यापुढे संघटनेच्या कोणत्याही व्यासपीठावर मेलेल्या शेतकऱ्याचे लेकरू उभे केले जाणार नाही. मदत घरी जाऊन, दाराआड, आईच्या हातात दिली जाईल. आणि प्रत्येक शाखा आपल्या गावातल्या अशा लेकरांची यादी पुढच्या बैठकीला आणील. ती वर्तमानपत्राला द्यायची नाही, आपणच वाचायची.

पेरणीनंतर पाऊस लांबला की आपण शेतात फिरतो, कुठे उगवले नाही ते बघतो आणि नांग्या भरतो. त्या वेळी कोणी म्हणत नाही की आधी सरकार येऊ द्या. गावात काही घरांत नांग्या पडल्या आहेत. त्या बघायला उद्यापासून निघू.

तो मुलगा आता नववीत आहे. आजीने त्याला सांगितले, मास्तरांनी सांगितले, आम्हीही एका संध्याकाळी बांधावर बसून सांगितले, आमची चूकही कबूल केली. तो काही बोलला नाही. पण आता जीप दिसली की तो लपत नाही. आमच्यासाठी पाणी घेऊन येतो.