पाठ टेकल्यावर

कोल्हापूर-बेळगावकडच्या लाल मातीत पाठ टेकली, की कुस्तीचा निकाल लागतो. ब्राझीलच्या जुजुत्सूत मात्र पाठ टेकल्यावरच एका विद्येला आरंभ होतो.

ही विद्या मूळची जपानची. जिगोरो कानो ह्यांनी १८८२ साली स्थापिलेल्या कोदोकानचे मल्ल मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोचले. त्यांच्या परंपरेतून ती ग्रासी घराण्याकडे आली. त्या घराण्यातील एलियो ग्रासी अंगाने हलके होते. बलिष्ठाच्या जोराशी जोर लावणे हलक्याला परवडत नाही. म्हणून खाली राहून पायांनी त्याला थोपविण्याच्या पवित्र्यावर ह्या पंथाने भर दिला. ह्या पवित्र्याचे नाव 'गार्ड'. वरच्याच्या वाटेत खालच्याचे पाय आहेत, तोवर खालचा हरलेला नाही. पाय ओलांडून वरच्याने तीन सेकंद ताबा राखला, की स्पर्धेत त्याला तीन गुण मिळतात.

गार्ड फुटतो कशाने? बहुधा उशिराने. नवशिका छाती छातीला भिडेपर्यंत थांबतो आणि मग हात लांबवून ओझे ढकलू लागतो. त्यामुळे कोपर अंगापासून सुटते आणि नेमक्या त्याच फटीतून वरचा आत शिरतो. गड तटावर राखावयाचा असतो. शत्रू बालेकिल्ल्यात आल्यावर नव्हे.

ह्या गडाचा पहिला तट तळपायांचा. प्रतिस्पर्ध्याच्या कमरेवर किंवा दंडावर रोवलेले पाय त्याला दूर ठेवतात. त्याने घोटा पकडला, तर ती पकड तत्क्षणी सोडवावी. दुसरा तट गुडघ्यांचा व नडग्यांचा. तो बगल देऊन फिरू लागला, तर कंबर वळवून पुन्हा त्याच्या समोर यावे. तिसरा तट हातांचा. पण हात ढकलण्यासाठी नव्हे, टेकू देण्यासाठी. मनगट व कोपर ह्यांमधले हाड त्याच्या मानेशी व कमरेशी लावावे, आणि त्याला न हलविता आपली कंबर मागे सरकवावी. जी वीतभर जागा होईल, तीत गुडघा घालावा. गुडघा आणि कोपर एकमेकांजवळ राहिले, की गड शाबूत.

सरावही तसाच हवा. एकाने केवळ पाय ओलांडावेत, दुसऱ्याने केवळ राखावेत; आणि आरंभ अर्धा गार्ड फुटलेल्या अवस्थेतून करावा. संकटाची सवय संकटातच होते.

ही विद्या अजिंक्य नाही. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकानावर वजनदार मासाहिको किमुरा ह्यांनी एलियोंचा हात पिरगळला. एलियोंनी हार कबूल केली नाही. अखेर त्यांच्याच बाजूने लढत थांबविण्यात आली. तो डाव आजही किमुरांच्या नावाने ओळखला जातो, आणि ग्रासींच्या तालमीत तोही शिकविला जातो. पाठ टेकणे हा पराभव नव्हे. टेकल्यावर स्वस्थ पडून राहणे हा पराभव होय.