उरलेला घास आणि दारचें कुत्रें



जेवण आटोपल्यावर उरलेला घास दारच्या कुत्र्यास घालणें ही आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत आहे. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागें नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण लहानपणींच ऐकतों. दत्ताच्या तसबिरींत पायाशीं बसलेलीं चार कुत्रीं तर घरोघर दिसतात. या रीतीविरुद्ध बोलण्याचा माझा हेतु नाहीं. मात्र त्या घासांत काय काय असतें, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें, आणि आजचें बोलणें त्याच्यासाठींच आहे.

आमची धायरी ही सिंहगडाच्या वाटेवरची वस्ती. धारेश्वराचें देऊळ, आसपास शेतें नि मळे, असें तिचें जुनें रूप होतें. २०१७ सालीं पुण्याच्या हद्दीलगतचीं अकरा गांवें महानगरपालिकेंत घेण्यांत आलीं, त्यांत धायरीचेंहि नांव होतें. मळ्यांच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या आहेत. पूर्वी वस्तीवरच्या कुत्र्याच्या वाट्याला भाकरीचा तुकडा नि थोडें ताक येई. आज त्याच्यापुढें बिऱ्हाडा-बिऱ्हाडांतलें उरलेलें अन्न येतें, त्यांत पावभाजी असते, नूडल्स असतात, वाढदिवसाच्या केकचा तुकडा असतो आणि प्रसादाचा शिराहि असतो. घरांत बाळगलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी नाहीं. त्याला तर हें सर्व लाडानें, हातानें भरविलें जातें.

या सर्वांत पहिला मान कांद्याचा. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी म्हणतों. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करावयाचा, म्हणून त्या दिवशीं थालीपीठ, भजीं, कांदेभात असा कांद्याचा मोठा सोहळा होतो आणि उरलेलें सारें दारच्या कुत्र्याच्या वाट्यास जातें. कांद्यांत गंधकाचीं जीं संयुगें असतात तीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशींना इजा करतात. त्या पेशी फुटूं लागतात आणि जनावर पांडुरोग्यासारखें निस्तेज होतें. शिजविल्यानें, तळल्यानें किंवा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळीं पोटांत गेला तर विषबाधा संभवते, असें पशुवैद्यकाच्या ग्रंथांत नमूद आहे. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यास पन्नास ग्रॅम, एक लहानसा कांदा. भज्यांच्या एका बशींत तेवढा सहज असतो. रोज थोडा थोडा देत गेल्यानेंहि तोच परिणाम सांचत जातो. लसूण त्याच कुळांतला, तेव्हां लसणीच्या चटणीलाहि सूट नाहीं.

यांत खरा घातक भाग आहे तो विलंबाचा. भजीं खाल्लेलें कुत्रें त्या रात्रीं आनंदांत शेपूट हालवीत झोपतें. तीन-चार दिवसांनीं तें पायऱ्या चढतांना थांबूं लागतें, हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी तांबूस किंवा कॉफीसारखी काळपट होते. तोंवर कांदेनवमी सर्वांच्या विस्मरणांत गेलेली असते. एकादशी उलटून गेलेली, घरांत कांदा नाहीं, मग कांद्याची शंका येणार तरी कोणाला? ‘पावसाळी हवा बाधली’ असें म्हणून वाट पाहण्यांत जे दिवस जातात तेच उपचाराचे असतात. सिंहगडावर रविवारीं चढणाऱ्या मंडळींनींहि हें ध्यानांत ठेवावें. पिठलें-भाकरी नि कांदाभजीं खातांना कुत्रें जवळ येऊन बसलें तर त्याला भाकरीचा कोरडा तुकडा द्यावा. भजें आपणच खावें.

येथें एक आक्षेप हमखास येतो. ‘आमच्या वाड्यांतल्या कुत्र्यानें जन्मभर सर्व कांहीं खाल्लें, त्याला कधीं कांहीं झालें नाहीं.’ या म्हणण्यांत थोडें तथ्य आहे. मनुष्याच्या सहवासांत कुत्र्याचें पोट खरोखरच बदललें आहे. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, पिष्टमय अन्न पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोनच असतात, तर कुत्र्यांत त्या पुष्कळ अधिक असतात. आपली भाकरी त्याला मानवते ती यामुळें. परंतु भाकरी पचते म्हणून कांदाहि पचेल, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाहीं. शिवाय जीं कुत्रीं जगलीं त्यांचीच आठवण आपण सांगतों. जें कुंपणाआड जाऊन पडलें त्याच्या मरणाचें कारण कोणीं विचारलें होतें?

दुसरा पदार्थ द्राक्षांचा. नाशिकचीं द्राक्षें आणि सांगली-तासगांवचे बेदाणे ही महाराष्ट्राची शोभा. परंतु कुत्र्याच्या मूत्रपिंडास तीं मारक ठरूं शकतात. २००१ च्या सुमारास अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं याकडे लक्ष वेधलें, पण विष नेमकें कोणतें तें वीस वर्षें उमगेना. एक कुत्रें मूठभर द्राक्षें पचवी आणि दुसरें थोड्याशांनींच दगावे. उलगडा झाला तो अगदीं अनपेक्षित वाटेनें. मुलांच्या खेळण्यासाठीं घरीं मळलेली माती, जिच्यांत क्रीम ऑफ टार्टार घालतात, ती कुत्र्यांनीं खाल्ली आणि त्यांनाहि तसाच मूत्रपिंडाचा विकार झाला. त्यावरून २०२१ सालीं टार्टरिक आम्लावर बोट ठेवण्यांत आलें. द्राक्षांत हें आम्ल कमीजास्त असतें, म्हणून परिणामहि कमीजास्त.

आतां पुणेरी स्वयंपाकघराकडे वळूं. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः याच टार्टरिक आम्लाचा! चिंच खाऊन कुत्र्यांस असाच विकार झाल्याचेंहि पशुवैद्यांनीं नोंदविलें आहे. म्हणजे आमटी-भाताचा काला, चिंचेची गोड चटणी, पंचामृत, हीं कुत्र्याच्या ताटलींत नकोत. सत्यनारायणाच्या शिऱ्यांत बेदाणे असतात. प्रसाद म्हणून तो देण्याचा मोह होतो. साधा गुळाचा खडा द्यावा, प्रसादच तो.

चॉकलेटाविषयीं आतां बहुतेकांस ठाऊक आहे. त्यांतील थिओब्रोमाइन कुत्र्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें. कडू काळ्या चॉकलेटची चाळीस-पन्नास ग्रॅमची वडी दहा किलोच्या कुत्र्यास अस्वस्थ करण्यास पुरेशी आहे. चहा-कॉफीचें तेंच; गाळलेल्या चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडींत टाकणाऱ्यांनीं तो मातीआड करावा. आंब्याची कोय गिळली गेली तर आंतड्यांत अडकते. शिजविलेल्या हाडाच्या सुळ्यांसारख्या कपच्या होतात, म्हणून रविवारच्या मटणाचीं नि कोंबडीचीं हाडें देऊं नयेत.

याहून कमी माहीत असलेला, पण अधिक भयंकर असा एक पदार्थ आहे. साखर नसलेल्या च्युइंगगममध्यें आणि मधुमेह्यांसाठीं केलेल्या कांहीं गोड पदार्थांत झायलिटॉल नांवाचें गोड द्रव्य असतें. मनुष्यास तें बाधत नाहीं. कुत्र्याच्या शरीरांत मात्र त्यानें एकाएकीं इन्सुलिन उसळतें, रक्तांतील साखर अर्ध्या-एक तासांत कोसळूं शकते, आणि मात्रा मोठी असल्यास यकृतहि निकामी होतें. दहा किलोच्या कुत्र्यास अवघा एक ग्रॅम पुरे. आजोबांच्या कोटाच्या खिशांतली डबी कुत्र्याच्या नाकाला लपून राहत नाहीं, म्हणून कोट उंच खुंटीवर टांगावा.

असें कांहीं खाल्लें गेलेंच तर काय करावें? मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय मुळींच करूं नये. त्या मिठानेंच जनावर दगावूं शकतें. दूध पाजल्यानेंहि विष उतरत नाहीं. लक्षणें दिसण्याची वाट न पाहतां पशुवैद्यास तत्काळ दूरध्वनि करावा. पहिल्या तास-दोन तासांत त्यांच्या हातून पुष्कळ होण्यासारखें असतें, पुढें तेवढें उरत नाहीं. वेष्टनाचा कागद किंवा पानांतला उरलेला भाग बरोबर न्यावा. काय खाल्लें, किती आणि केव्हां, हें नीट सांगावें. कुत्र्याचें वजनहि वैद्य विचारतील, कारण सारा हिशेब त्यावर असतो. तें ठाऊक नसेल तर आज रात्रींच त्याला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभें राहावें, आंकडा टिपून घ्यावा आणि त्यांतून आपलें वजन वजा करावें.