मथारे येथील गुणांचा तक्ता



केनियाच्या राजचिन्हावर ‘हरांबे’ हा स्वाहिली शब्द आहे. सर्वांनी मिळून ओढावे, असा त्याचा आशय. नैरोबीतील मथारे या झोपडपट्टीत १९८७ साली निघालेली तरुणांची क्रीडासंस्था तो आचरणात कसा आणते, तेवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. तेथे फुटबॉलचा सामना जिंकल्यास संघास गुण मिळतात. परंतु वस्तीतील कचरा उपसल्याचेही गुण मिळतात, आणि ते त्याच तक्त्यात धरतात. मैदानावर हरलेला संघ फावड्याच्या बळावर वर चढतो! शाळेच्या फीसाठी मदत देताना मुलाने केलेली सेवा पाहतात; पैसे मात्र थेट शाळेकडे धाडतात. हा नियम करणारा मनुष्य व्यवहार जाणणारा असला पाहिजे.

आम्ही आपल्या शिष्यवृत्ती-समितीवर पुष्कळ वर्षे होतो. गुणपत्रिकेखेरीज आम्ही काहीच मागितले नाही. हुशार मुले शिष्यवृत्ती घेऊन गेली, ती या सभागृहात पुन्हा दिसली नाहीत; यात त्यांचा दोष किती आणि आमचा किती? यंदाच्या अर्जात एक रकाना वाढवावा : ‘वर्षभरात दुसऱ्यासाठी काय केले?’ ही सूचना आम्ही समितीकडे लेखी दिली आहे. काही पालक रागावतील. त्यांचे म्हणणे ऐकावयास आम्ही सभेस हजर राहू.