मोठ्या आतड्याची एक ओळ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला संगणकाबद्दल बोलायला सांगितलं होतं. मी पोटाबद्दल बोलणार आहे, आणि तेही जेवणाच्या आधी. त्याबद्दल आधीच माफी मागते.

बाईंनी फळ्यावर काढलेली पचनसंस्थेची आकृती आठवते? जठराला, यकृताला, लहान आतड्याला भरपूर मजकूर. मोठ्या आतड्याला एकच ओळ : तिथे पाणी शोषलं जातं. बाई, चूक तुमची नाही, पुस्तकातच तेवढं होतं. त्यापुढचं मला चव्वेचाळिसाव्या वर्षी वाचावं लागलं.

मला शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून मी सात महिने इसबगोल घेत राहिले. सांगायची लाज वाटत होती. शेवटी बहिणीने ओढत नेलं. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळीवरच्या कॅमेऱ्याने आतडं आतून बघतात त्या तपासणीत, एक पॉलिप सापडला. तो तिथल्या तिथे काढला. कर्करोग नव्हता. पण तसाच राहिला असता तर पुढे त्याचा कर्करोग होऊ शकला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग मी रात्री जागून वाचायला लागले.

आपल्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, असा 2016 सालचा अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी. हे जिवाणू बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात आणि सगळ्यांचं वजन मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही. आपल्याला न पचणारा चोथा ते खातात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच.

आता लठ्ठपणा. अमेरिकेत सेंट लुईस इथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने 2013 मध्ये अशा जुळ्या बहिणी निवडल्या, ज्यांतली एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ होती. त्यांच्या विष्ठेतले जिवाणू जंतुविरहित उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी चढली. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळ बहिणीकडचे जिवाणू दुसऱ्यांच्या पोटात शिरले आणि चरबी वाढणं थांबलं. पण खाण्यात चोथा भरपूर आणि चरबी कमी असेल तरच. तुपकट, बिनभाजीपाल्याच्या खाण्यावर ते जिवाणू टिकलेच नाहीत.

हे उंदीर होते, हे विसरायचं नाही. माणसांच्या अभ्यासांत चित्र इतकं स्वच्छ नाही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे आम्ही प्रोग्रामर रोज ठेच खाऊन शिकतो. तेव्हा 'चांगल्या जंतूंची' बाटली प्या आणि बारीक व्हा, असं कुणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा.

कर्करोगाचंही असंच हळूहळू उलगडतंय. तोंडात राहणारा फ्युसोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू आतड्याच्या गाठींमध्ये आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा जास्त सापडतो, हे कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. ई. कोलायच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. त्याने आपल्या पेशींच्या डीएनएवर विशिष्ट खुणा उमटतात. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा या खुणा सत्तरी ओलांडल्यावर निदान झालेल्यांपेक्षा चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत 3.3 पट जास्त आढळल्या. बऱ्याच देशांत तरुणांमध्ये हा कर्करोग वाढतोय. त्याचा एक धागा इथे असू शकेल. सिद्ध मात्र अजून झालेलं नाही.

मला सर्वांत पटलेला प्रयोग साधा आहे. पिट्सबर्गमधले 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले 20 लोक यांच्या आहाराची 2 आठवडे अदलाबदल केली. अमेरिकेतल्या लोकांच्या पोटात रोजचा चोथा 14 ग्रॅमवरून 55 ग्रॅमवर गेला आणि त्यांचं ब्युटिरेट अडीच पट झालं. आतड्याच्या अस्तराची जळजळही कमी झाली. खेड्यातल्या लोकांचं नेमकं उलटं झालं. हे सगळं फक्त दोन आठवड्यांत!

मधल्या सुट्टीत आपले डबे काय असायचे? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. ब्रेड-जॅम आणणाऱ्या मुलीकडे आपण किती हेव्याने बघायचो! आज आपल्या मुलांच्या डब्यात काय असतं, ते मी विचारत नाही. माझ्या मुलाच्या डब्यात काय असायचं, ते मला माहीत आहे.

पण भाकरी खाल्ली म्हणजे सुटलो, असंही नाही. मी लहानपणापासून भाकरीच खात आले. म्हणून शेवटचं सांगते. अमेरिकेत 2021 पासून 45 व्या वर्षापासून आतड्याची तपासणी सुरू करायला सांगतात. आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. तेव्हा आपल्यालाच बघावं लागणार. रक्त दिसलं, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, कारण नसताना वजन उतरलं किंवा रक्त कमी झालं, तर मूळव्याध म्हणून घरी ठरवू नका. डॉक्टरांना दाखवा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर त्रास नसला तरी विचारा.

हे सांगताना मला अजूनही लाज वाटते, पण दहा वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसांना नाही सांगायचं तर कुणाला? जेवताना मी त्या खिडकीपाशी बसणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर शेजारी येऊन बसा. मी कुणाला सांगणार नाही.